सेटवर 'सात' आलं की 'आठ'? व्हीएचएफ आणि वॉकीटॉकीवरच्या बोलण्याचा दर्जा मोजायची सविस्तर पद्धत

मागच्या हंगामात एक प्रकार झाला, तेव्हापासून हे लिहायचं डोक्यात होतं. रात्री एका बोटीचं इंजिन बंद पडलं, तांडेलाने व्हीएचएफवरून, म्हणजे बोटीवरच्या रेडिओवरून, जागा सांगितली, अक्षांश सोळा अंश सत्तावन्न मिनिटं, आणि मदतीला निघालेल्या बोटीने ऐकलं अठ्ठावन्न. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे एक नॉटिकल मैल, १८५२ मीटर. काळोखात आणि वाऱ्यात ती बोट शोधायला दीड तास जास्त गेला. सगळे सुखरूप बंदरात आले, पण दुसऱ्या दिवशी दोन्ही सेट माझ्या टेबलावर, आणि दोन्ही तांडेलांचं म्हणणं एकच, "दादा, आवाज तर मोठा येतो, काड्या पण फुल दाखवतो, मग चुकलं कुठे?"

पॉवर मोजली, बरोबर २५ वॅट. रिसीव्हर मोजला, उत्तम. अँटेना, कोएक्स (अँटेनाची केबल), बॅटरीची वायर, सगळं ठीक. शेवटी माइक उघडला तर जाळीच्या आत मिठाचा आणि तेलकट मळीचा थर बसलेला, त्यामुळे जाड आवाज आत जात होता आणि बारीक, सुसकारणारे आवाज अडत होते. 'सत्तावन्न'चा 'स' गेला की उरतं 'अत्तावन्न', आणि इंजिनच्या धडधडीत ते कान आपोआप 'अठ्ठावन्न' करून घेतो. म्हणजे आपण जे जे मोजतो, वॅट, काड्या, रेंज, ते सगळं बरोबर होतं आणि ज्यासाठी सेट घेतला तो शब्दच पोचत नव्हता.

तर हा लेख त्या शब्दाच्या मोजणीबद्दल आहे. रत्नागिरी, हर्णै, देवगड, मालवण, कुठेही बोटीवर व्हीएचएफ असेल, किंवा रिसॉर्ट, जेट्टी, आंब्याचं पॅकिंग, तारकर्लीचं वॉटर स्पोर्ट असं काही असेल आणि तिथे डिजिटल हँडसेट वापरत असाल, तर दोघांनाही उपयोग होईल. लांबलचक आहे, पण एकदा नीट केलं की पुढच्या वेळी अर्ध्या दिवसात होतं.

आधी दोन गोष्टी पक्क्या करा

बोटीवरचा मरीन व्हीएचएफ बोलण्यासाठी आजही ॲनालॉग एफएमच आहे, चॅनेल २५ किलोहर्ट्झचा, डेव्हिएशन (बोलताना फ्रिक्वेन्सी मूळ जागेवरून किती सरकते ते) जास्तीत जास्त ५ किलोहर्ट्झ. चॅनेल ७० वरचं डीएससी (बटण दाबून हाक किंवा संकटाची सूचना पाठवणं) आणि वेगळ्या चॅनेलवरचं एआयएस (बोटीची ओळख आणि जागा आपोआप कळवणारी यंत्रणा) हे डिजिटल, पण त्यात माणसाचं बोलणं नसतं. जमिनीवरचे नवीन हँडसेट मात्र बरेचसे डीएमआर या डिजिटल पद्धतीचे असतात, १२.५ किलोहर्ट्झच्या एका चॅनेलमध्ये ३०-३० मिलिसेकंदांचे दोन स्लॉट, आणि आवाज एएमबीई प्लस टू नावाच्या व्होकोडरमधून जातो.

हा व्होकोडर काय करतो ते समजल्याशिवाय डिजिटल मोजता येत नाही, म्हणून इथे थोडं थांबतो. ॲनालॉग सेट तुमच्या आवाजाची लाट जशीच्या तशी, ३०० ते ३००० हर्ट्झ एवढी कापून, पलीकडे नेतो. व्होकोडर लाट नेतच नाही. दर २० मिलिसेकंदाला तो तुमच्या आवाजाचं वर्णन लिहितो, पट्टी किती, कुठल्या भागात कंठाचा घोष आहे आणि कुठल्या भागात नुसती फुसफूस, जोर कुठे किती, आणि पलीकडचा सेट ते वर्णन वाचून आवाज नव्याने तयार करतो. डीएमआरमध्ये हे वर्णन सेकंदाला फक्त २४५० बिटमध्ये बसवतात आणि चुका दुरुस्त करायला वर ११५० बिट देतात, मिळून ३६००. टेलिफोनच्या साध्या डिजिटल लाइनवर हेच काम ६४,००० बिटांत होतं. एवढ्या दाबून बसवलेल्या वर्णनात माणसाच्या आवाजाशिवाय दुसरं काही आलं, समजा यामाहाचं इंजिन, तर व्होकोडर त्यालाही माणूस समजून वर्णन करायला जातो आणि दोघांची खिचडी होते.

दुसरी गोष्ट कायद्याची. चॅनेल १६ वर टेस्ट करायची नाही, टोन सोडायचा नाही, तो संकटासाठी आणि हाक मारण्यासाठी आहे. आपल्या लायसन्समध्ये जो वर्किंग चॅनेल असेल तोच वापरा. जमिनीवरही तसंच, ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झचे कमी पॉवरचे सेट सोडले तर वॉकीटॉकीला डब्ल्यूपीसीचं, म्हणजे केंद्र सरकारच्या वायरलेस विभागाचं, लायसन्स लागतं. टेबलावरचं सगळं काम डमी लोड (अँटेनाऐवजी लावायचा, पॉवर आतच जिरवणारा रेझिस्टर) लावून करा.

कुठली फूटपट्टी घ्यायची

माझ्या मते तीन फूटपट्ट्या पुरतात.

पहिली डीएक्यू, म्हणजे पोचलेल्या बोलण्याचा दर्जा. पोलीस, अग्निशमन वगैरेंची रेडिओ यंत्रणा आखताना ही वापरतात. १ म्हणजे कोणीतरी बोलतंय एवढं कळतं, शब्द नाही. २ म्हणजे खूप कष्टाने कळतं आणि वारंवार परत विचारावं लागतं. ३ म्हणजे थोडं लक्ष दिलं की कळतं, अधूनमधून परत विचारावं लागतं. ३.४ म्हणजे खरखर आहे पण परत विचारायची वेळ क्वचितच. ४ म्हणजे सहज कळतं, कधीतरी खरखर. ५ म्हणजे शेजारी बसल्यासारखं. जीवाशी संबंध असलेल्या कामाला साधारण ३.४ ही खालची पायरी धरतात आणि बोटीलाही मी तीच धरतो.

दुसरी शब्दांची परीक्षा, पलीकडच्याने ५० पैकी किती शब्द बरोबर ओळखले. इंग्रजीत यासाठी मॉडिफाइड ऱ्हाइम टेस्ट आहे, ५० संच आणि प्रत्येकात सहा यमकाचे शब्द, मिळून ३०० शब्द. मराठीसाठी आपली आपण यादी करायची, ती खाली सांगतो.

तिसरी यंत्राची, ॲनालॉगला सिनॅड, म्हणजे एकूण आवाज त्यातल्या खरखर आणि फाटीच्या किती वर आहे, आणि डिजिटलला बीईआर, म्हणजे शंभर बिटांत किती चुकले.

एमओएस नावाची १ ते ५ गुणांची फूटपट्टी पण आहे, आयटीयूच्या पी.८०० मधली, टेलिफोनवाले वापरतात. त्यात 'आवाज कसा वाटला' असं विचारतात. गोड वाटलेला आवाज आणि कळलेला आवाज यात फरक आहे, डिजिटल सेट बऱ्याचदा स्वच्छ वाटतो आणि तरी आकडा चुकीचा देतो, म्हणून मी एमओएस मागे ठेवतो. तसंच कॉम्प्युटरवर गुण देणारं पेस्क नावाचं सॉफ्टवेअर आहे, पी.८६२, २००१ सालचं, त्यानंतर २०११ ला पोल्का आलं. पण पेस्क ४ किलोबिटच्या खालच्या अशा कोडेकसाठी (कोडेक म्हणजे आवाज दाबून बिटांत बसवायची पद्धत) पडताळलेलं नाही आणि डीएमआरचं बोलणं २.४५ किलोबिटचं. एकाच मॉडेलच्या दोन सेटची आपसात तुलना करायला ठीक, पण त्यातून आलेला ३.१ म्हणजे नक्की किती समजलं, हे त्यातून कळत नाही.

पायरी १: मराठी शब्दांची यादी

इंग्रजी यादी डाउनलोड करून आपल्या खलाशांना ऐकवू नका. आपल्या भाषेत ट-ठ, त-थ, ल-ळ, न-ण असे फरक आहेत, तेच रेडिओवर मरतात आणि इंग्रजी यादीत ते नसतातच.

सहा-सहा शब्दांचे संच करा, निम्म्या संचांत पहिलं अक्षर बदलेल आणि निम्म्यांत शेवटचं. उदाहरणार्थ काळा, गाळा, टाळा, माळा, शाळा, वाळा. पाट, वाट, लाट, खाट, ताट, घाट. तार, चार, पार, वार, धार, भार. पान, कान, मान, रान, भान, छान. शेवट बदलणारे: पाट, पाठ, पाच, पाय, पान, पाप. वात, वाट, वाघ, वार, वाळ, वाव. माप, माळ, माग, मान, मार, माठ. असे २५ संच केलेत की प्रत्येक संचातून दोन शब्द दोन वेगवेगळ्या वेळी घेऊन ५० होतात. शब्द रोजचे हवेत, जो शब्द ऐकणाऱ्याला माहीतच नाही तो चुकला तर दोष सेटचा नसतो.

याच्या जोडीला आकड्यांची वेगळी यादी हवीच, समुद्रावर सगळं आकड्यांत चालतं, जागा, वाव, चॅनेल, वेळ. मराठीतले आकडे रेडिओसाठी फार अवघड आहेत हे मला टेस्ट घेतल्यावरच कळलं. सत्तावन्न-अठ्ठावन्न, त्रेपन्न-चोपन्न, एकोणसाठ-एकोणसत्तर, सदतीस-अडतीस, सत्तावीस-अठ्ठावीस, एकोणीस-एकवीस. सुटे आकडे घेतले तरी सात आणि आठ धोक्याचे. 'स'चा बहुतेक जोर ३००० हर्ट्झच्या वर असतो आणि सेट तिथेच कापतो, म्हणून सात म्हणजे 'आत', आणि 'आत' म्हणजे खरखरीत 'आठ'. असे ३० आकडे उलटेसुलटे लिहून घ्या.

प्रत्येक शब्द एका वाक्यात ठेवा, "आता खूण करा, लाट, या शब्दावर". नुसता शब्द बोललात तर स्क्वेल्च (सिग्नल नसताना स्पीकर गप्प ठेवणारी सोय) उघडेपर्यंत किंवा रिपीटर (सिग्नल घेऊन पुढे पाठवणारं यंत्र) जागा होईपर्यंत पहिलं अक्षर खाल्लं जातं आणि तुम्ही भलत्याच गोष्टीला दोष देता.

पायरी २: बोलणारा आवाज एकदाच रेकॉर्ड करा

दर वेळी माणूस बोलला तर तो दर वेळी वेगळा बोलतो, दहाव्या वेळी कंटाळतो, चुकतंय दिसलं की मुद्दाम ठासून बोलतो. म्हणून एक पुरुषाचा आणि एक बाईचा आवाज शांत खोलीत रेकॉर्ड करा, डब्ल्यूएव्ही फाइलमध्ये. एमपी३ नको, आणि व्हॉट्सॲपच्या व्हॉइस नोटवरून तर मुळीच नको, त्यात आधीच एक कोडेक लागलेला असतो आणि मग तुम्ही सेटच्या ऐवजी व्हॉट्सॲप मोजता. बाईचा आवाज मुद्दाम, कारण पट्टी उंच असली की काही सेटवर व्होकोडर वेगळा वागतो, आणि आपल्याकडे किनाऱ्यावरून सेटवर बोलणाऱ्या बायका काही कमी नाहीत.

हा आवाज वायरच्या छोट्या स्पीकरवर वाजवायचा, ब्लूटूथ नको, तिथे पण कोडेक असतो. स्पीकरपासून माइक अडीच सेंटीमीटरवर ठेवा आणि त्या जागी साधारण ८९ डेसिबल आवाज येईल असं करा, माणूस माइकपाशी साधारण एवढंच बोलतो. फोनवरचं डेसिबलचं ॲप अगदी नेमकं नसतं, पण दर वेळी तोच फोन, तीच जागा ठेवलीत तर तुलना खरी येते.

पायरी ३: टेबलावर ॲनालॉग सेट

आधी डेव्हिएशन. सर्व्हिस मॉनिटर (रेडिओ दुरुस्तीचं मोजायचं यंत्र) असेल तर सरळ बघा. नसेल तर आरटीएल-एसडीआरचा डोंगल, म्हणजे कॉम्प्युटरला लावायचा स्वस्त रिसीव्हर, चालतो. सेटला डमी लोड लावा, डोंगल लांब ठेवा, थेट जोडलात तर डोंगल त्याच क्षणी जळेल. माइकसमोर २०७९ हर्ट्झचा टोन वाजवा, आवाज शून्यापासून हळूहळू वाढवा आणि स्क्रीनवर मधली कॅरिअरची (मूळ रेडिओलहरीची) रेघ बघत राहा. ती पहिल्यांदा पूर्ण नाहीशी होते तेव्हा डेव्हिएशन बरोबर ५ किलोहर्ट्झ असतं. हे गणित एफएमचंच आहे, डेव्हिएशन भागिले टोन २.४०५ झालं की कॅरिअर शून्य होतो. १२.५ किलोहर्ट्झच्या चॅनेलच्या, म्हणजे नॅरो, सेटसाठी २.५ किलोहर्ट्झ बघायचंय, म्हणून टोन १०४० हर्ट्झ घ्या. आवाज कितीही वाढवला तरी कॅरिअर नाहीसा होत नसेल तर सेटचा आवाज पलीकडे बारीक जातोय.

हे आधी का, तर माझ्याकडे 'बारीक ऐकू येतं' किंवा 'फाटतं' म्हणून येणाऱ्या हँडसेटमध्ये एक सेट वाइडवर (२५ किलोहर्ट्झ) आणि दुसरा नॅरोवर असं बऱ्याचदा निघतं. नॅरो सेटचा आवाज वाइड सेटवर अर्धाच येतो, उलट केलं तर फाटतो. लोक अँटेना बदलत बसतात आणि दोष एका सेटिंगचा असतो.

मग रिसीव्हरचा सिनॅड. सिग्नल जनरेटरवरून १००० हर्ट्झ टोन, मरीन सेटला ३ किलोहर्ट्झ डेव्हिएशनने, नॅरोला दीडने, म्हणजे कमाल डेव्हिएशनच्या ६० टक्के. स्पीकर काढून तिथे ८ ओहमचा रेझिस्टर लावा. इथे एक सावधगिरी, हल्लीच्या बऱ्याच सेटमध्ये स्पीकरची कुठलीच वायर ग्राउंड नसते, ब्रिज ॲम्प्लिफायर असतो, एक टोक कॉम्प्युटरच्या ग्राउंडला लागलं की आयसी गेला. मध्ये १:१ चा छोटा ऑडिओ ट्रान्सफॉर्मर टाका, शंभर-दीडशे रुपयांचं काम आहे आणि सेट वाचतो.

आवाज कॉम्प्युटरवर दहा सेकंद रेकॉर्ड करा. ऑडॅसिटीत ३०० ते ३००० हर्ट्झचे फिल्टर लावा, 'मेजर आरएमएस'ने पातळी बघा, मग १००० हर्ट्झवर नॉच फिल्टर (तेवढाच टोन काढून टाकणारा) लावून परत बघा. दोन्हींतला फरक हाच सिनॅड. १२ डेसिबल येईपर्यंत सिग्नल कमी करत जा, १२ म्हणजे खरखर आणि फाट मिळून एकूण आवाजाच्या पाव. चांगला सेट हे पाव मायक्रोव्होल्टला, म्हणजे उणे ११९ डीबीएमला देतो. पण सेन्सिटिव्हिटीचा हा १२ चा आकडा ऐकून खूश होऊ नका, कानाला तो जेमतेम डीएक्यू २ असतो. डीएक्यू ३ ला साधारण १७ लागतो, ३.४ ला २०, ४ ला २५. ब्रोशरमध्ये छापलेली रेंज ही बहुतेक त्या १२ ची रेंज असते.

शेवटी सिग्नल भरपूर वाढवून १ मिलिव्होल्ट द्या आणि परत मोजा. इथे खरखर नसते, जे उरतं ती सेटची स्वतःची फाट. इथेच सिनॅड २५-२६ च्या वर जात नसेल तर स्पीकर ॲम्प्लिफायर किंवा फिल्टर बिघडलाय, समुद्रात जाऊन काही मोजायची गरज नाही.

पायरी ४: टेबलावर डिजिटल सेट

इथे १००० हर्ट्झचा टोन वापरून सिनॅड काढायला जाऊ नका. व्होकोडरसाठी तो टोन म्हणजे माणूसच नाही, पलीकडे जे निघेल त्यावरून बोलण्याबद्दल काहीही कळत नाही.

डिजिटलला बीईआर बघायचा. काही सर्व्हिस मॉनिटर डीएमआरचा टेस्ट पॅटर्न देतात आणि सेटच्या सर्व्हिस सॉफ्टवेअरमधून बीईआर वाचता येतो. हॅम (हौशी रेडिओचं) लायसन्स असेल तर एमएमडीव्हीएम हॉटस्पॉट या डिजिटल सिग्नल घेणाऱ्या छोट्या यंत्राच्या डॅशबोर्डवर येणाऱ्या प्रत्येक ट्रान्समिशनचा बीईआर सरळ दिसतो, हौशी माणसासाठी हा सगळ्यात स्वस्त मीटर. सेन्सिटिव्हिटी ५ टक्के बीईआरला सांगतात, पण ती कडा आहे. आकडे लक्षात ठेवायचे तर पी-२५ या दुसऱ्या डिजिटल पद्धतीच्या नेहमीच्या सेटसाठी डीएक्यू ४ ला सुमारे १ टक्का, ३.४ ला २ टक्के, ३ ला २.६ टक्के असं धरतात. किती चिंचोळी जागा आहे बघा, २ टक्क्यांना मजेत चाललेलं बोलणं ५ ला तुटायला लागतं. डीएमआरचं गणित नेमकं तेच नाही पण स्वभाव तोच.

उशीर पण मोजा. एकाच रेकॉर्डरसमोर बोलणारा आणि ऐकणारा सेट थोडे लांब ठेवून जोरात "पा" म्हणा, रेकॉर्डिंगमध्ये पहिला "पा" आणि सेटमधून आलेला "पा" यातलं अंतर मिलिसेकंदात मोजा. ॲनालॉगला जवळजवळ काहीच नसतं, डिजिटलला चांगलं दिसण्याइतकं असतं. जेट्टीवर दोन माणसं जवळजवळ उभी राहून डिजिटल सेट वापरतात तेव्हा जो घुमल्यासारखा आवाज होतो तो याचाच.

पायरी ५: शांत खोली, मग इंजिन

दोन सेट दोन खोल्यांत, सिग्नल पूर्ण, आवाज शांत. पाच-सहा ऐकणारे घ्या, यादी लिहिणारा त्यात नको, त्याला उत्तरं माहीत असतात. प्रत्येकाकडे संचांचा छापलेला कागद, ऐकलेल्या शब्दाला गोल करायचा. परत सांग म्हणायचं नाही, अंदाजाने का होईना खूण करायची.

अंदाजाने बरोबर आलेले वजा करायचे. सहा पर्याय असतील तर चुकांचा पाचवा भाग बरोबर उत्तरांतून वजा करा. समजा ५० पैकी ४१ बरोबर, ९ चूक, तर ४१ वजा १.८ म्हणजे ३९.२, म्हणजे ७८.४ टक्के. एकाच माणसाच्या ५० शब्दांवर पाच-सहा टक्क्यांचा फरक नशिबाचाही असू शकतो, त्यामुळे ८० आणि ७५ वरून भांडू नका. सहा जणांचे ३०० शब्द झाले की मग दहा टक्क्यांच्या फरकाला अर्थ येतो.

शांत खोलीत, पूर्ण सिग्नलवर ९० च्या वर यायलाच हवं. नाही आलं तर माइक, स्पीकर नाहीतर सेटिंग, हवेचा संबंध नाही. आमच्या त्या मिठाच्या माइकची चूक या पायरीला पहिल्या दहा मिनिटांत सापडली असती.

मग इंजिन. खऱ्या बोटीवर, तांडेल जिथे उभा राहतो तिथे फोनवर इंजिनचा आवाज रेकॉर्ड करा आणि ॲपवर डेसिबल लिहून ठेवा. खोलीत मोठ्या स्पीकरवर तेवढ्याच डेसिबलला तो वाजवा, एकदा बोलणाऱ्या बाजूला, एकदा ऐकणाऱ्या बाजूला, एकदा दोन्हीकडे. या तीन टेस्ट वेगळ्या का, तर बोलणाऱ्याकडे गोंगाट असला तर तो माइकमधून आत जातो आणि डिजिटलमध्ये व्होकोडरची खिचडी होते, आणि ऐकणाऱ्याकडे गोंगाट असला तर तो नुसता कानावर पडतो, तिथे मोठा स्पीकर लावून भागतं. सेटमध्ये नॉइज कॅन्सलिंग असेल तर चालू आणि बंद दोन्ही करून बघा. काही सेट इंजिन कमी करताना 'स' आणि 'श' पण खातात, हे टेस्टशिवाय कळत नाही. माइक तोंडापासून दोन ते पाच सेंटीमीटर, थोडा तिरका धरलेला, आणि एक तळहात लांब, अशा तीन प्रकारे पण एकदा मोजा. मी बघितलेल्या बहुतेक बोटींवर नवीन सेट घेण्यापेक्षा माइक नीट धरण्याने जास्त फरक पडला.

पायरी ६: समुद्रावर

आधी अंदाज काढा. व्हीएचएफचं क्षितिज किलोमीटरमध्ये ४.१२ गुणिले दोन्ही अँटेनांच्या उंचीच्या वर्गमुळांची बेरीज. किनाऱ्यावर २५ मीटर, बोटीवर ४ मीटर, तर ४.१२ गुणिले ७, म्हणजे २९ किलोमीटर, साधारण साडेपंधरा मैल. सड्यावर, शंभर मीटर उंचीवर अँटेना असेल तर ४९ किलोमीटर. याच्या आसपास दर्जा ढासळायला लागेल हे धरून चला.

बंदरापासून सरळ बाहेर जाताना दर एका मैलाला थांबून दहा शब्द आणि पाच आकडे घ्यायचे, डीएक्यूचा गुण द्यायचा, जागा, वेळ, काड्या किंवा आरएसएसआय (सेट दाखवतो तो सिग्नलच्या जोराचा आकडा) लिहायचा. दोन ऐकणारे हवेत आणि त्यांनी गुण एकमेकांना न दाखवता द्यायचे. हँडसेट असेल तर लाटेबरोबर तो वरखाली होतो, म्हणून एका जागी निदान एक मिनिट घ्या.

दोन अंतरांवर खूण करा. एक जिथे पहिल्यांदा 'परत सांग' म्हणावं लागलं, दुसरं जिथे काहीच कळेना. ॲनालॉगला या दोघांत बरीच मैलं असतात, खरखर वाढत जाते, कान ओळखतो, माणूस आपोआप सावकाश बोलायला लागतो. डिजिटलला पहिल्या तुटक्या शब्दापासून पूर्ण शांततेपर्यंतचं अंतर थोडं असतं, तोपर्यंत सगळं स्वच्छ. दोन सेटची तुलना करताना मी एकूण रेंजपेक्षा हा पट्टा बघतो. एकटी बोट, रात्र, आणि सूचना न देता गप्प होणारा सेट, हे मला चालत नाही. उलट रिसॉर्टच्या आवारात, जिथे सिग्नल कायम भरपूर आहे, तिथे डिजिटल खरंच छान चालतं.

एकाच दिवसाच्या मोजणीवर विसंबू नका. थंडीच्या शेवटापासून पावसाळ्याआधीपर्यंत समुद्रावरच्या हवेत थर बसतात आणि व्हीएचएफ क्षितिजापलीकडे लांब जातो, त्या दिवशी रेंज दुप्पट दिसते आणि लांबचे परके आवाज पण आपल्या चॅनेलवर येतात. निदान तीन वेगळे दिवस घ्या, त्यात एक वाऱ्याचा.

पायरी ७: कागद वाचायचा कसा

सिग्नल भरपूर, बीईआर शून्याजवळ किंवा खरखर नाही, आणि तरी शब्द चुकतात: माइक, गोंगाट, किंवा माइक धरायची पद्धत. सिग्नल भरपूर पण बीईआर वाढलेला: दुसऱ्या कोणाचं ट्रान्समिशन, कड्यावरून परतून येणारा सिग्नल, किंवा सेटची फ्रिक्वेन्सी सरकलेली. सिग्नलच कमी: अँटेना, कोएक्सच्या जोडात शिरलेलं खारं पाणी, उंची. प्रत्येक वाक्याचं पहिलंच अक्षर जातंय: पीटीटी (बोलायचं बटण) दाबून अर्धा सेकंद थांबत नाही आहात. फक्त 'स', 'श', 'फ' जातात: माइकची जाळी. 'न' आणि 'म' ची अदलाबदल, 'ट-ठ' ची अदलाबदल, बाकी ठीक, आणि सेट डिजिटल: बहुतेक व्होकोडरचा स्वभाव, तो दुरुस्त होत नाही, तिथे बोलायची पद्धत बदला.

बोलायची पद्धत म्हणजे आकडे सुटे सांगायचे. "सत्तावन्न" असं एकदम सांगायचं नाही, "पाच, सात, मी परत सांगतो, पाच, सात". सुट्या आकड्यांतही सात-आठ आहेतच, म्हणून ऐकणाऱ्याने आकडा उलट वाचून दाखवायचा आणि पहिल्याने "बरोबर" म्हणेपर्यंत निघायचं नाही. हेच ३० आकडे जोडून एकदा आणि सुटे एकदा असे इंजिनच्या आवाजात ऐकवून बघा, दोन्ही कागद तांडेलाच्या हातात द्या, मग समजवावं लागत नाही.

१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, बोटी वर ओढलेल्या असतात, सेट काढायला हीच वेळ. पायरी ३ ते ५ तेव्हा करा, माइकची जाळी मऊ ब्रश आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलने साफ करा, कोएक्सचे जोड नवीन टेप लावून बंद करा, आणि शब्दांची परीक्षा साफ करण्याआधी आणि नंतर अशी दोनदा घ्या. पायरी ६ ऑगस्टमध्ये समुद्र बसला की. कागदावर तारीख, सेटचा नंबर, माइकचा नंबर, आणि ऐकणाऱ्यांची नावं हवीत, पुढच्या वर्षी शक्यतो तेच ऐकणारे बसवा, मात्र शब्दांचा क्रम बदला, नाहीतर मागच्या वर्षीची यादी पाठ असलेला एखादा पोरगा ५० पैकी ५० आणून दाखवेल. प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली एक प्रत केबिनमध्ये सेटच्या बाजूला अडकवून ठेवा, दुसरी घरी.